नाइट ऑडिटची स्क्रिप्ट दर महिन्याला अडकते? आधी घड्याळ बघा, सर्व्हरचं कोटेशन नंतर

गोव्यात कळंगुटपासून कोलव्यापर्यंत पन्नास ते शंभर खोल्यांच्या हॉटेलांत ही तक्रार ठरलेली असते. पावसाळ्यात नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब मिटवून प्रत्येक खोलीवर भाडं चढवण्याचं रात्रीचं काम, दहा मिनिटांत उरकतं. डिसेंबर उजाडला की तेच चाळीस मिनिटं, तासभर लोंबकळतं, कधी अर्ध्यावर मरतं, आणि पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला तरी बिझनेस डेट (हॉटेलच्या हिशेबाची तारीख) पुढे सरकलेली नसते. सकाळी चेक-आउटची रांग, फोलिओ (पाहुण्यांची बिलखाती) अपुरे, आणि सगळ्यांचं एकमत: सर्व्हर जुना झाला, नवा घ्या.

थोडं गणित मांडून पाहू. नव्वद खोल्या भरल्या आहेत. प्रत्येक खोलीमागे भाडं, सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा तीन नोंदी चढतात, म्हणजे एकूण २७० नोंदी. स्क्रिप्ट अगदी अडाण्यासारखी लिहिलेली असेल, एकेक नोंद चढवून एकेक कमिट (डिस्कवर पक्की) करत असेल, आणि डिस्क ७२०० आरपीएमची जुनी फिरती असेल असंही धरू. त्या डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत होतो. प्रत्येक कमिटला पुरता एक फेरा थांबावं लागलं तरी २७० कमिटना सव्वादोन सेकंद लागतात. एका नोंदीमागे दहा वेळा लिहिणं होत असेल तर २२-२३ सेकंद. उरलेली एकोणचाळीस मिनिटं डिस्क खात नाहीये. ती कोण खातंय ते आधी शोधायचं.

खालची माहिती विंडोजवर चालणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमची आहे, फुकट एक्सप्रेस आणि विकतची स्टँडर्ड दोन्ही आवृत्त्यांची. मडगावच्या घाऊक दुकानातलं स्टॉकचं काम असो की फोंड्यातल्या पतसंस्थेचं दिवसअखेरीचं, दुखणी हीच.

पहिला प्रश्न: नक्की कधी अडकतं?

मागच्या तीन महिन्यांतले अपयशाचे दिवस आणि वेळा एका कागदावर लिहा. त्या यादीतच निम्मं उत्तर असतं.

*१३ तारखेपासून पुढे रोज पडतं, १ ते १२ मुकाट चालतं.* हे तारखेच्या मांडणीचं दुखणं आहे आणि हमखास नवा सर्व्हर बसवल्यावरच उपटतं. जुन्या मशीनवर लॉगिनची डिफॉल्ट भाषा ब्रिटिश इंग्लिश होती, नव्यावर कुणी न बदलल्यामुळे यूएस इंग्लिश राहिली. स्क्रिप्टमध्ये तारीख ‘१३/१२/२०२५’ अशी मजकूर म्हणून जाते. अमेरिकी वाचनात पहिला आकडा महिन्याचा, आणि तेरावा महिना नसतो. म्हणून एरर २४२ येते: मजकुराचं डेटटाइममध्ये रूपांतर करताना किंमत मर्यादेबाहेर गेली.

खरी मेख पहिल्या बारा दिवसांत आहे. तेव्हा एरर येत नाही, पण ‘०५/१२/२०२५’ ही ५ डिसेंबर न धरता १२ मे धरली जाते. भाडं चढतं, पण मे महिन्यात चढतं. अख्ख्या डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फक्त १२ तारखेचा दिवस बरोबर पडतो, कारण १२/१२ कसंही वाचलं तरी तेच. म्हणून १३ तारखेला पडलेली स्क्रिप्ट दुरुस्त करून थांबू नका, आधीच्या बारा दिवसांच्या नोंदी कुठल्या महिन्यात जाऊन बसल्या तेही शोधा. अशी चूक लेखापालाच्या नजरेत महिनाअखेरीशिवाय येत नाही.

उपाय एकच आणि कायमचा: मजकुरातून तारीख द्यायचीच असेल तर मधे काही चिन्ह न घालता सलग आठ आकडे द्या, ‘२०२५१२०५’. (सर्व्हरला अर्थात इंग्रजी आकडेच लागतात.) वर्ष-महिना-दिवस मधे डॅश घालून दिलं की सुरक्षित, असा समज आहे. डेट प्रकाराच्या रकान्यासाठी तो खरा आहे. जुन्या डेटटाइम प्रकारासाठी नाही, तिथे लॉगिनची भाषा ब्रिटिश असेल तर महिना आणि दिवस उलटतात. लॉगिनची भाषा बदलून वेळ मारून नेता येते, पण पुढचा सर्व्हर येईल तेव्हा पुन्हा हेच.

*गर्दीच्या रात्रीच चुकतं, एरवी नाही.* बहुतेक वेळा स्क्रिप्टमध्ये गेटडेट, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळाची तारीख-वेळ देणारं फंक्शन, वापरलेलं असतं. नाइट ऑडिटर पावणेबाराला बटण दाबतो तेव्हा घड्याळाची तारीख आणि हॉटेलची बिझनेस डेट एकच असते. ३१ डिसेंबरला बार बंद व्हायलाच तीन वाजतात, बटण साडेतीनला दाबलं जातं, आणि गेटडेट १ जानेवारी सांगतं. त्या रात्रीचं भाडं एकतर सुटतं नाहीतर दुसऱ्या दिवशी दोनदा चढतं. बिझनेस डेट कायम सेटिंगच्या टेबलातून एकदा वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि पुढे सगळीकडे तीच वापरायची. जीएसटीचे दरही तसेच, ‘कुठल्या तारखेपासून’ या रकान्यासह टेबलात हवेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीचा दर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. स्क्रिप्टच्या पोटात बारा टक्के कोरून ठेवलेल्यांची त्या रात्री धावपळ झाली असणार.

*हाताने चालवली की चालते, टास्क शेड्यूलरमधून पडते.* या प्रकारावर जास्त वेळ घालवणं भाग आहे, कारण एक्सप्रेस आवृत्तीत एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा) नसतो. सगळं काम विंडोजचा टास्क शेड्यूलर आणि एसक्यूएलसीएमडी (कमांड देऊन स्क्रिप्ट चालवणारं साधन) यांच्या जोडीवर चालतं, आणि ही जोडी मॅनेजमेंट स्टुडिओसारखी, म्हणजे आपण हाताने स्क्रिप्ट चालवतो त्या खिडकीसारखी, वागत नाही.

पहिलं, स्क्रिप्ट पडली तरी शेड्यूलरमध्ये ‘लास्ट रन रिझल्ट’ शून्य दिसतो, म्हणजे सगळं आलबेल. एसक्यूएलसीएमडीला डॅश स्मॉल बी हा स्विच दिला नसेल तर एका बॅचमध्ये एरर आली तरी ते पुढच्या गो (बॅच संपल्याची खूण) नंतरची बॅच चालवत राहतं आणि शेवटी यश कळवतं. भाडं चढवणारी बॅच मेली आणि बिझनेस डेट पुढे ढकलणारी बॅच चालली, यापेक्षा वाईट रात्र नाही. स्मॉल बी द्या. आणि बॅच फाइलमध्ये त्याच्यानंतर फाइल कॉपी वगैरेची ओळ असेल तर एररलेव्हल (आधीच्या कमांडचा निकाल) लगेच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा, नाहीतर कॉपीचं यश ऑडिटच्या अपयशावर पांघरूण घालतं.

दुसरं, मॅप केलेला झेड ड्राइव्ह. ‘यूजर लॉग ऑन असो वा नसो’ असा पर्याय निवडलेल्या टास्कला तुमच्या लॉगिनमधला झेड ड्राइव्ह दिसतच नाही. दोन उलट्या तिरक्या रेषांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. बॅकअपचं तर आणखी वेगळं आहे. बॅकअपची फाइल तुमचं खातं लिहीत नाही, एसक्यूएल सर्व्हरच्या सर्व्हिसचं खातं लिहितं. एरर ३२०१ आणि तिच्या शेपटाला ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५ असेल तर त्या सर्व्हिस खात्याला फोल्डरवर लिहायची परवानगी नाही. शेपटाला ३ असेल तर तो रस्ताच अस्तित्वात नाही.

तिसरं, जे वर्षानुवर्षं लोकांना छळतं: एरर १९३४. हिची गोष्ट अशी, की आधीचं एक दुखणं नीट बरं केलं की हे नवं उभं राहतं. स्क्रिप्ट अर्ध्यावर मेली, रात्रपाळीच्या माणसाने पुन्हा चालवली, आणि निम्म्या खोल्यांवर भाडं दोनदा चढलं. यावर योग्य इलाज म्हणून फोलिओ क्रमांक, बिझनेस डेट आणि आकारणीचा कोड या तिघांवर युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारा) लावला जातो. पण रद्द केलेल्या नोंदी त्यात अडथळा करतात, म्हणून ‘रद्द बरोबर शून्य’ अशी अट घालून फिल्टर्ड इंडेक्स केला. स्टुडिओत चालवून पाहिलं, उत्तम. रात्री शेड्यूलरने चालवलं आणि पहिल्याच इन्सर्टला १९३४.

कारण असं: फिल्टर्ड इंडेक्स असलेल्या टेबलात लिहिताना कोटेड आयडेंटिफायर हे सेटिंग ऑन लागतं. स्टुडिओ ते आपोआप ऑन ठेवतो. एसक्यूएलसीएमडी आपोआप ऑफ ठेवतं. कमांडमध्ये डॅश कॅपिटल आय जोडा, किंवा स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट कोटेड आयडेंटिफायर ऑन’ लिहा. स्टोअर्ड प्रोसीजर असेल तर एवढ्याने भागत नाही. प्रोसीजर ज्या सेटिंगखाली तयार झाली तेच तिच्यासोबत कायम राहतं, म्हणून ती ऑन ठेवून पुन्हा तयार करावी लागते. १९३४ घालवायला इंडेक्सच काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो इंडेक्सच दुहेरी भाडं अडवतोय.

याच घरातली आणखी दोन. ओडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणी करून देणारा घटक) १८ बरोबरचं नवं एसक्यूएलसीएमडी जोडणी आपणहून एन्क्रिप्ट करतं, आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र स्वतःच सही केलेलं असेल तर जोडणी नाकारतं. हॉटेलच्या आतल्या नेटवर्कवर डॅश कॅपिटल सी देऊन काम भागतं. दुसरं आपल्या लिपीचं. पाहुण्याचं नाव देवनागरीत दिलं आणि टेबलात नुसती प्रश्नचिन्हं उमटली, तर रकाना एनव्हारकॅर (कुठलीही लिपी साठवणारा प्रकार) आहे का, मजकुराच्या अवतरणाआधी कॅपिटल एन आहे का, आणि स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ असेल तर एसक्यूएलसीएमडीला डॅश स्मॉल एफ ६५००१ दिलंय का, हे तीन पाहा. एकदा प्रश्नचिन्ह झालेलं नाव परत मिळत नाही, ते पुन्हाच टाइप करावं लागतं.

स्क्रिप्ट पडत नाही, नुसती थांबून राहते

इथे सर्व्हरवर खापर फोडण्याचा मोह सर्वांत जास्त. पूर्वी रात्री दोन ते चार ही निवांत वेळ असायची. आता दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांवरून अवेळी उतरणारे पाहुणे तीन वाजताही काउंटरवर उभे असतात, आणि चेक-इनचं काम ऑडिटच्या काळातच चालतं.

स्क्रिप्ट लटकलेली असतानाच, ती मारण्याआधी, दुसऱ्या खिडकीत एसपी_हू२ (चालू सत्रांची यादी देणारी कमांड) चालवा. ‘बीएलके-बाय’ या रकान्यात आकडा असेल तर ते सत्र त्या आकड्याच्या सत्रापायी अडलंय. साखळीत मागे मागे जा, जोवर त्या रकान्यात आकडा नसलेलं सत्र सापडत नाही. तो मूळ गुन्हेगार. समजा ऑडिटचं सत्र ६१ आहे, ते ७४ वर अडलंय, ७४ हे ५८ वर, आणि ५८ पुढे काही नाही. ५८ ची स्थिती ‘स्लीपिंग’, कमांड ‘अवेटिंग कमांड’, संगणकाचं नाव काउंटर क्रमांक दोन. म्हणजे कुणीतरी चेक-इनचा फॉर्म उघडला, प्रोग्रॅमने व्यवहार सुरू केला, आणि माणूस पासपोर्टची झेरॉक्स काढायला गेला. तो परत येईपर्यंत सगळं हॉटेल थांबलंय. अशा ठिकाणी १२८ जीबी रॅमचा सर्व्हर आणलात तरी तोही तितकाच निमूट थांबेल.

झोपलेल्या सत्राचं दुसरं कारण वेळमर्यादेचं. डॉटनेटच्या प्रोग्रॅममध्ये कमांडची मर्यादा मुळात ३० सेकंद असते. ती उलटली की प्रोग्रॅम ‘टाइमआउट’ म्हणून मोकळा होतो, पण व्यवहार सर्व्हरवर उघडाच राहू शकतो, लॉकसकट. स्क्रिप्टच्या आणि प्रोसीजरच्या पहिल्या ओळीत ‘सेट एक्सॲक्ट ॲबॉर्ट ऑन’ लिहिलं की एरर आली किंवा वेळ उलटली तरी सगळा व्यवहार मागे घेतला जातो. ही ओळ नसेल तर काही एररनंतर स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर सरळ चालत जाते आणि अर्धवट काम कमिट करून बसते. सगळ्या लेखात एकच बदल करायचा झाला तर हा करा.

मूळ सत्र किल करण्याआधी त्या काउंटरला फोन लावा. आणि तासभर चाललेली ऑडिट स्क्रिप्ट किल केलीत तर ती झटकन मरत नाही. झालेलं काम मागे घ्यायला तितकाच, कधी जास्त वेळ लागतो. या काळात सर्व्हिस रीस्टार्ट करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात: चालू होताना ती आधी तेच मागे घेण्याचं काम पुरं करते, आणि तोवर डेटाबेस कुणालाच उघडत नाही. बटण दाबून मशीन बंद करणाऱ्यांना तर काय सांगावं.

ब्लॉकिंग रोजचंच असेल तर ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ हा पर्याय डेटाबेसवर चालू करा. मग वाचणारे लिहिणाऱ्यांना अडवत नाहीत. चालू करायच्या क्षणी डेटाबेसमध्ये दुसरं कुणी जोडलेलं नसावं, आणि टेम्पडीबीवर (सर्व्हरच्या तात्पुरत्या कामाच्या डेटाबेसवर) भार थोडा वाढतो हे धरून चाला. त्याऐवजी प्रत्येक क्वेरीला नोलॉक (लॉक न पाळता वाच ही सूचना) चिकटवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. रिसेप्शनच्या पडद्यावरच्या खोल्यांच्या नकाशासाठी ते चालून जाईल. ऑडिटच्या बेरजेत मात्र नोलॉक म्हणजे तीच नोंद दोनदा मोजली जाणं किंवा सुटणं, आणि मग शंभर रुपयांच्या फरकापायी पहाटेपर्यंत माथेफोड.

ब्लॉकिंग नाही, तरी मंद? मग जुना प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा सर्व्हरने बनवून ठेवलेला आराखडा) किंवा शिळं स्टॅटिस्टिक्स (टेबलातल्या डेटाचा सारांश). जुलैत बारा खोल्या भरलेल्या असताना बनलेला प्लॅन डिसेंबरच्या नव्वद खोल्यांना आणि शंभरपट बार-बिलांना पुरत नाही. शिवाय आजच्या बिझनेस डेटच्या नोंदी स्टॅटिस्टिक्समध्ये अजून आलेल्याच नसतात, म्हणून सर्व्हर ‘या तारखेच्या नोंदी जवळजवळ नाहीतच’ असा अंदाज बांधतो. फोलिओ आणि बिलांच्या टेबलांचं स्टॅटिस्टिक्स फुलस्कॅनने (सगळ्या ओळी वाचून) आठवड्यातून एकदा, हंगामात रोज ऑडिटच्या आधी ताजं करा. दहा-वीस लाख ओळींच्या टेबलाला फारसा वेळ लागत नाही. आणि ‘स्टुडिओत दोन सेकंद, प्रोग्रॅममधून दोन मिनिटं’ असा प्रकार असेल तर अरिथॲबॉर्ट हे सेटिंग दोन्हीकडे वेगळं असल्यामुळे दोघांना वेगवेगळे प्लॅन मिळताहेत. स्टुडिओत ते ऑफ करून चालवा, मग प्रोग्रॅमला मिळणारा मंद प्लॅन तुम्हालाही दिसेल.

जागा संपली

एरर ९००२ म्हणजे लॉग फाइल (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो ती) भरली. सिस-डेटाबेसेसमध्ये ‘लॉग रीयूज वेट’चं वर्णन वाचा. तिथे ‘लॉग बॅकअप’ लिहिलं असेल तर डेटाबेस फुल रिकव्हरीत आहे आणि लॉगचा बॅकअप घ्यायचा राहिलाय. दर पंधरा मिनिटांनी घ्या. ‘ॲक्टिव्ह ट्रान्झॅक्शन’ असेल तर वरचं झोपलेलं सत्र शोधा. रोज रात्री लॉग आक्रसून घेणारी ओळ स्क्रिप्टमध्ये असेल तर ती काढा: रात्री आक्रसायचा, सकाळी त्याला पुन्हा शून्यांनी भरत वाढवायचा, यात फक्त मंदपणा मिळतो.

एरर १८२७ एक्सप्रेसवाल्यांची. २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसच्या डेटा फाइलींना १० जीबीची मर्यादा आहे, लॉग त्यात धरत नाहीत. २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये ती ५० जीबी झाली. हॉटेलांत ही मर्यादा बिलांनी भरत नाही, पासपोर्टच्या स्कॅननी भरते. परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला २४ तासांत कळवायची म्हणून स्कॅन काढला जातो आणि तसाच टेबलात ढकलला जातो. ४०० केबीचा एक धरला तर २०,००० स्कॅनना ८ जीबी लागले. चित्रं फोल्डरमध्ये ठेवा, त्या फोल्डरवर रिसेप्शनच्या सगळ्यांना उघडा प्रवेश देऊ नका, आणि टेबलात फक्त रस्ता लिहा. जुन्या नोंदी काढताना एका दमात पाच लाख ओळी डिलीट करू नका. एका स्टेटमेंटमध्ये साधारण ५,००० लॉक झाले की सर्व्हर पूर्ण टेबलच लॉक करायला जातो. चार-चार हजारांच्या घासाने काढा.

आता सर्व्हर. खरंच लागतोय का?

सिस-डीएम-आयओ-व्हर्च्युअल-फाइल-स्टॅट्स या फंक्शनचे आकडे रात्री दोनला आणि चारला टिपून वजाबाकी करा (ते सर्व्हिस चालू झाल्यापासूनचे एकत्रित असतात, नुसते वाचून उपयोग नाही). लिहिण्यात थांबलेले मिलिसेकंद भागिले लिहिण्याची संख्या. लॉग फाइलला सरासरी एक-दोन मिलिसेकंद पडत असतील तर डिस्कला हात लावू नका. १५-२० च्या वर असतील, आणि वेट-प्रकारात (सर्व्हर कशासाठी थांबला त्या यादीत) राइटलॉग किंवा पेजआयओलॅच वर दिसत असतील, तर पैसे खर्च करायला कारण आहे. तिथे एल-सी-के ने सुरू होणारी नावं वर असतील तर वरच्या ब्लॉकिंगच्या भागाकडे परत जा.

एक्सप्रेस वापरणाऱ्यांनी कोटेशन वाचताना हे आकडे समोर ठेवावेत: डेटाच्या कॅशेसाठी १४१० एमबी मेमरी, आणि एक सॉकेट किंवा चार कोअर यांतलं जे कमी ते. १६ जीबी रॅम भरपूर झाली. ६४ जीबी घेतलीत तर उरलेली विंडोज शोभेला ठेवेल. आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सप्रेस बसवताना चार सॉकेट, प्रत्येकी एक कोअर अशी मांडणी झाली असेल तर तो एकच कोअर वापरतो. एक सॉकेट, चार कोअर असं बदला. फुकटात चौपट प्रोसेसर मिळतो, आणि हे तपासायला दोन मिनिटं पुरतात.

स्टँडर्ड असेल तर रॅमवर आधी खर्च करा: डेटाबेस १८ जीबीचा असेल तर ३२ जीबी घ्या, पूर्ण डेटा मेमरीत मावतो. ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ २६ जीबीच्या आसपास बांधा, मुळात ती अमर्याद असते आणि विंडोजची कोंडी होते. प्रोसेसर कमी कोअरचा पण जास्त गिगाहर्ट्झचा निवडा, कारण लायसन्स कोअरवर मोजलं तर जास्तीच्या कोअरचे पैसे लायसन्समध्येच जातात. विंडोजचा पॉवर प्लॅन ‘बॅलन्स्ड’ वरून ‘हाय परफॉर्मन्स’ वर न्यायला विसरू नका.

डिस्क: दोन एंटरप्राइझ एसएसडी, रेड-१ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा). तिसरी वेगळी बॅकअपसाठी, आणि बॅकअपची एक प्रत इमारतीबाहेर. रेड-५ नको. त्यात एका छोट्या लिखाणामागे डिस्कवर चार हालचाली होतात: जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायची बेरीज) वाच, दोन्ही नव्याने लिही. एसएसडी विकत घेताना फक्त एक प्रश्न विचारा: ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ आहे का? त्यात कपॅसिटर असतात, वीज गेल्यावर कॅशेतला मजकूर लिहून पुरा करण्यापुरती ताकद ते देतात. लॅपटॉपच्या एसएसडीत ते सहसा नसतात. ती वेगाच्या चाचणीत झकास धावते आणि डेटाबेसच्या ‘लिहून झालं का, खात्रीने सांग’ या मागणीपुढे ढेपाळते. आपल्याकडे मे अखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात दिवसाला चार वेळा वीज जाते-येते, तिथे हा कपॅसिटर चैनीचा राहत नाही.

वीज आणि दमट हवा

या भागाला कोटेशनमध्ये एक ओळ मिळते आणि बिघाड निम्मे इथले असतात.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचा घ्या. जनरेटर येईपर्यंतचे अर्धे मिनिट कुठलाही यूपीएस काढेल, पण जनरेटरची फ्रीक्वेन्सी डोलते तेव्हा साधा यूपीएस वारंवार बॅटरीवर उडी मारतो. १ केव्हीए, ०.९ पॉवर फॅक्टर म्हणजे ९०० वॉट. २०० वॉटच्या सर्व्हरला पुष्कळ झाला. त्याची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि बॅटरी खालावल्यावर विंडोज नीट बंद होईल असं सेट करा. ही केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते. सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणून यूपीएस जिन्याखालच्या कोंदट कपाटात नको.

अर्थिंग मीटरने मोजा. न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल गेली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून मोजणी पावसाळ्यात न करता एप्रिल-मे मध्ये करा. वीज पडल्यावर सर्व्हर वाचतो आणि नेटवर्क कार्ड जळतं असं होत असेल तर धक्का तांब्याच्या नेटवर्क केबलमधून येतोय. बागेतल्या कॉटेजकडे किंवा दुसऱ्या इमारतीकडे जाणारी केबल फायबर करा.

किनाऱ्यालगत खारी हवा रॅमच्या आणि कार्डांच्या कडांवर बसते, आणि सर्व्हर ‘उगाच’ अडकू लागतो. खोली बंद, खिडकीला रबर पट्टी, १८ ते २७ अंश तापमान, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत. भिंतीला एक साधा आर्द्रतामापक टांगा. वीज वाचवायची म्हणून रात्री एसी बंद करून सकाळी लावणं पावसाळ्यात सर्वांत वाईट. एसीच्या पाण्याच्या नळीखाली रॅक नको, तळघर तर नकोच. कडा पुसायच्या झाल्या तर मशीन बंद करून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, खोडरबराने नाही.

नवं मशीन हातात आल्यावर हंगामाच्या आधी, सप्टेंबरमध्ये, ही चाचणी घ्या. कालचा बॅकअप त्यावर रिस्टोअर करा. लॉगिनची भाषा तपासा. डेटाबेसचं ‘पेज व्हेरिफाय’ चेकसमवर आहे का पाहा, फार जुन्या आवृत्तीतून वर आणलेल्या डेटाबेसमध्ये ते नसतं. १३ तारखेनंतरची एखादी बिझनेस डेट ठेवून ऑडिट स्क्रिप्ट टास्क शेड्यूलरमधूनच चालवा, स्टुडिओतून नाही. मग ती चालू असताना यूपीएसची भिंतीतली पिन काढा आणि बॅटरी संपू द्या. मशीन परत चालू करून डीबीसीसी चेकडीबी (डेटाबेस शाबूत आहे का ते तपासणारी कमांड) चालवा. आता तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवा आणि एकाही खोलीवर भाडं दोनदा चढलं नाही ना ते मोजा. शेवटी एररलॉगमध्ये ८२३, ८२४, ८२५ आणि ८३३ हे डिस्कच्या वाचन-लेखनातल्या बिघाडाचे चार आकडे शोधा. ८२५ म्हणजे वाचन पहिल्या प्रयत्नात फसून नंतर जमलं, म्हणून ती नुसत्या माहितीच्या पातळीवर नोंदली जाते आणि कुणी बघत नाही. नव्या मशीनवर ती एकदा जरी दिसली, तर डिस्क वॉरंटीत असतानाच परत करा.